आयर्लंडचे सैनिक आणि परदेशातील शांतिसेना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण लेबनॉनमधून काही बातमी आली की आयर्लंडच्या सैनिकांविषयी वाचकांचे प्रश्न येऊ लागतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहिती आहे आणि पुढे अवघड मुद्दे येतात. एखाद्या गोष्टीचे उत्तर दुसरीकडे सविस्तर आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयर्लंड एवढासा देश. त्याच्या सैनिकांचे शांतिसेनेत एवढे नाव का?

२०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ५१ लाख आहे, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. भूदल, नौदल आणि हवाई दल मिळून त्याचे कायमस्वरूपी सैन्य साडेसात हजारांच्या आसपास आहे. या मनुष्यबळातून तीन-साडेतीनशे जवानांची एक तुकडी लेबनॉनमध्ये सतत ठेवायची आणि ती दर सहा महिन्यांनी बदलायची, तर प्रत्यक्षात तिप्पट माणसे गुंततात, कारण एक तुकडी तिकडे पहाऱ्यावर असते, एक नुकतीच परतलेली असते आणि एक प्रशिक्षण घेत असते. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांचे सैनिक शांतिसेनेत हजारोंनी असतात, त्यामुळे निव्वळ संख्येच्या तक्त्यात आयर्लंड कधीच वर दिसत नाही. त्याचे नाव झाले ते सातत्यामुळे. जून १९५८ पासून आजपर्यंत जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे आयर्लंडचा सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या कामावर हजर राहिला आहे आणि ही साखळी एकदाही तुटलेली नाही. या काळात त्या देशाने ऐंशीहून अधिक माणसे गमावली. आमच्या मते योगदानाचे खरे माप या दोन गोष्टींत आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच अंगाने लिहिली आहेत.

२. याची सुरुवात कधी आणि कशी झाली?

आयर्लंडला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व डिसेंबर १९५५ मध्ये मिळाले. त्यानंतर अडीच वर्षांनी, १९५८ च्या उन्हाळ्यात, सुमारे पन्नास आयरिश अधिकारी निःशस्त्र निरीक्षक म्हणून लेबनॉनला गेले. तेव्हाचे काम नोंदी ठेवण्याचे आणि अहवाल देण्याचे होते.

शस्त्रे घेऊन पहिली पलटण गेली ती काँगोला. बेल्जियमच्या जोखडातून ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि काही दिवसांतच तेथे बंडाळी माजली. खनिजसंपन्न कटांगा प्रांताने फुटून निघत असल्याचे जाहीर केले आणि काँगो सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. २७ जुलै १९६० रोजी आयर्लंडची ३२ वी पलटण डब्लिनजवळच्या बाल्डोनेल विमानतळावरून अमेरिकी ग्लोबमास्टर विमानांनी रवाना झाली. यातील बहुतेक जवानांनी त्यापूर्वी देशाबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. विषुववृत्ताकडे निघालेल्या या मुलांच्या अंगावर आयर्लंडच्या थंडीसाठी शिवलेले, जाडेभरडे, टोचणारे लोकरी गणवेश होते. त्या कापडाला ते आपल्या बोलीत ‘बुल्स वूल’, म्हणजे बैलाची लोकर, म्हणत. खांद्यावर जुन्या काळच्या ली-एनफिल्ड बंदुका होत्या. १९६४ पर्यंत सुमारे सहा हजार आयरिश सैनिकांनी काँगोत सेवा बजावली आणि त्यांतील २६ जण परतले नाहीत.

३. आयर्लंड तटस्थ देश आहे ना? मग तो परदेशात सैन्य कसे पाठवतो?

आयर्लंडची तटस्थता ही लष्करी आघाड्यांबाबतची आहे. तो नाटोचा सदस्य नाही आणि दुसऱ्याच्या युद्धात एका बाजूने उतरण्याचे बंधन त्याने कोणत्याही करारान्वये स्वीकारलेले नाही. शांतिसेनेत जाणे हा वेगळा विषय आहे, कारण तेथे सैनिक सुरक्षा परिषदेच्या आदेशाने दोन पक्षांच्या मधे उभा राहतो.

छोट्या देशाच्या दृष्टीने यात शहाणपणही आहे. ज्याच्याकडे मोठे सैन्य नाही, त्याचे संरक्षण अखेर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारावर असते, म्हणून तो कायदा टिकवण्यासाठी हातभार लावणे त्याच्या हिताचे ठरते. शिवाय आयर्लंडने स्वतः वसाहत होण्याचे दुःख भोगले आहे आणि त्याने कोणावर राज्य केलेले नाही. आफ्रिकेत किंवा पश्चिम आशियात आयरिश गणवेश पाहून कुणाला जुना मालक आठवत नाही आणि चौकीवर उभ्या असलेल्या जवानाला त्याचा मोठा आधार असतो.

४. ‘तिहेरी कुलूप’ म्हणजे काय? बातम्यांत हा शब्द सारखा येतो.

बारापेक्षा जास्त सशस्त्र सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे असतील, तर आयरिश कायद्यानुसार तीन मंजुऱ्या लागतात. मंत्रिमंडळाचा निर्णय ही पहिली, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची संमती ही दुसरी आणि संयुक्त राष्ट्रांचा आदेश ही तिसरी. याचा पाया काँगोच्या वेळी, १९६० च्या कायद्यात घातला गेला. युरोपीय संघाच्या नीस करारावर २००१ मध्ये जनतेने नकाराचा कौल दिल्यानंतर तटस्थतेविषयी लोकांना खात्री देण्यासाठी सरकारने त्याचा जाहीर पुनरुच्चार केला आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला.

तिसऱ्या कुलपाची किल्ली सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार असलेल्या पाच देशांच्या हाती जाते, ही यातील अडचण आहे. मॅसिडोनियातील संयुक्त राष्ट्रांची मोहीम १९९९ मध्ये चीनच्या नकाराधिकारामुळे बंद पडली. पुढे २००३ मध्ये युरोपीय संघाने तेथे स्वतःची मोहीम काढली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा औपचारिक आदेश नसल्यामुळे आयर्लंडला तीत जाता आले नाही. २०१४ नंतर सुरक्षा परिषदेने एकही नवी मोठी शांतिमोहीम उभी केलेली नाही, याकडेही सुधारणेचे समर्थक लक्ष वेधतात. २०२५ मध्ये आयरिश सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाची अट काढून टाकण्याचा आणि बाराची मर्यादा पन्नासवर नेण्याचा प्रस्ताव पुढे आणला. विरोधकांना ही तटस्थतेला दिलेली सोडचिठ्ठी वाटते. आमच्या मते त्यांच्या भीतीत तथ्य आहे, कारण अट घालताना पिढ्यांचा विचार केलेला असतो आणि ती काढताना बहुधा समोरची अडचणच दिसत असते. मात्र मॅसिडोनियाचा अनुभवही खोटा नाही आणि त्याचे उत्तर विरोधकांना द्यावे लागेल.

५. बारा किंवा त्याहून कमी माणसे असतील, तर सरकार त्यांना कुठेही पाठवू शकते का?

तशा छोट्या गटासाठी तिहेरी कुलूप लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर आयरिश नागरिकांना बाहेर काढण्यासाठी राजनैतिक अधिकाऱ्यांबरोबर विशेष दलाचे मोजके सैनिक पाठवले गेले, ते याच सवलतीमुळे. बाराच्या आकड्याला बांधून अशा प्रसंगी माणसे निवडावी लागणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते.

६. नीएम्बाची घटना काय होती?

८ नोव्हेंबर १९६० रोजी उत्तर कटांगातील नीएम्बा गावाजवळ अकरा आयरिश सैनिकांची एक गस्ती तुकडी नदीवरचा मोडलेला पूल दुरुस्त करायला गेली होती. त्या भागातील बालुबा जमातीचे लोक कटांगाच्या सैन्याने आणि त्याच्या भाडोत्री गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांनी पोळलेले होते. गणवेशातील गोरी माणसे त्यांना त्याच टोळीतील वाटली. झाडीतून आलेल्या जमावाला आयरिश अधिकाऱ्याने ‘जांबो’ असा स्थानिक नमस्कार केला आणि उत्तरादाखल बाण आले. नऊ जण मारले गेले, दोघे वाचले. मेलेल्यांपैकी एका जवानाचे शव दोन वर्षांनी सापडले. सोबत्यांना निसटता यावे म्हणून त्याने हल्लेखोरांना आपल्याकडे ओढून घेतले होते आणि आयर्लंडचे लष्करी शौर्यासाठीचे सर्वोच्च पदक सर्वप्रथम त्यालाच, मरणोत्तर, देण्यात आले.

शवपेट्या डब्लिनला आल्या तेव्हा रस्त्यांवर अलोट गर्दी लोटली. आपली मुले परदेशी मरू शकतात, हे स्वतंत्र आयर्लंडला त्या दिवशी प्रथम समजले. तरीही सरकारने पलटण परत बोलावली नाही, ही गोष्ट आम्हाला त्या वेळच्या कोणत्याही भाषणापेक्षा महत्त्वाची वाटते.

७. जाडोव्हिलला आयरिश सैनिकांनी शरणागती पत्करली. मग त्यांचा गौरव का करतात?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल.

जाडोव्हिल (आजचे लिकासी) हे कटांगातील खाणींचे गाव. राजधानी एलिझाबेथव्हिलपासून (आजच्या लुबुंबाशीपासून) ते सव्वाशे किलोमीटरांवर आहे. तेथील गोऱ्या रहिवाशांचे रक्षण करण्यासाठी म्हणून सप्टेंबर १९६१ मध्ये ३५ व्या पलटणीची ‘ए’ कंपनी, सुमारे १५५ माणसे, तेथे पाठवली गेली. पोचल्यावर कमांडंट पॅट क्विन्लन यांच्या लक्षात आले की रहिवाशांना हे रक्षण नकोच आहे आणि गावाचे वातावरण शत्रुत्वाचे आहे. लढाईचे कोणतेही चिन्ह नसताना त्यांनी जवानांना खंदक खणायला लावले. कडक जमिनीत, उन्हात केलेल्या त्या खोदकामाने पुढे सगळ्यांचे प्राण वाचवले.

१३ सप्टेंबरच्या पहाटे संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी एलिझाबेथव्हिलमध्ये कटांगाच्या सत्तेविरुद्ध कारवाई सुरू केली. ही बातमी जाडोव्हिलच्या तुकडीपर्यंत वेळेवर पोचली नाही. त्याच सकाळी, बरेच जवान उघड्यावर प्रार्थनेला जमलेले असताना, कटांगाच्या सैनिकांनी आणि युरोपीय भाडोत्री सैनिकांनी त्यांच्यावर हल्ला चढवला. हल्लेखोर संख्येने कितीतरी पट होते. त्यांच्याकडे उखळी तोफा होत्या आणि फूगा मॅजिस्टर जातीचे एक लढाऊ विमान येऊन बाँब टाकून जात होते. आयरिश तुकडीकडे हलक्या शस्त्रांपलीकडे फारसे काही नव्हते.

पाच दिवस ते लढले. सुटकेसाठी निघालेल्या तुकड्यांना लुफिरा नदीच्या पुलावर अडवून परत फिरवण्यात आले. गावातून येणारे पाणी तोडले गेले. एक हेलिकॉप्टर जिवावर उदार होऊन गोळीबारातून उतरले आणि त्याने पाण्याचे डबे आणले, पण ते डबे आधी इंधनासाठी वापरलेले होते आणि नीट धुतलेले नव्हते. तहानेने जीभ कोरडी पडलेल्या जवानांनी झाकणे उघडली तेव्हा पाण्याला इंधनाचा वास होता. ते पिता आले नाही. १७ सप्टेंबरला दारूगोळा आणि पाणी संपल्यावर क्विन्लन यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांच्या तुकडीतील पाच जण जखमी झाले होते, पण एकही मारला गेला नव्हता. हल्लेखोरांचे मृत शेकड्यांत मोजले गेले. सुमारे महिनाभर कैदेत काढल्यावर सगळे सुटले आणि वर्षअखेरीस घरी पोचले.

घरी मात्र त्यांच्या वाट्याला मौन आले. ‘शरणागती’ हा एक शब्द पाच दिवसांच्या लढाईपेक्षा जड ठरला. बराकींमध्ये त्यांना टोमणे ऐकावे लागले, पदकांच्या शिफारशी फेटाळल्या गेल्या आणि अनेकांनी आपल्या मुलाबाळांनाही काही सांगितले नाही. वास्तविक ज्या वरिष्ठ यंत्रणेने त्यांना अपुऱ्या शस्त्रांनिशी, राखीव दलाशिवाय तेथे पाठवले, तिच्याकडे बोट जाऊ नये म्हणून हा विषय दाबला गेला, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्विन्लन १९९७ मध्ये वारले. २००४ मधील लष्करी चौकशीने तुकडीला निर्दोष ठरवले, २०१६ मध्ये संपूर्ण तुकडीला सन्मानपत्र मिळाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये अॅथलोन येथे जाडोव्हिलच्या नावाचे खास पदक देण्यात आले. तोपर्यंत छप्पन्न वर्षे गेली होती आणि बरीच पदके मुलांनी किंवा नातवंडांनी स्वीकारली.

८. काँगोत भारतीय सैनिकही होते ना? त्यांचा आणि आयरिश सैनिकांचा काही संबंध आला का?

अगदी जवळचा आला. भारताने १९६१ मध्ये तेथे संपूर्ण ब्रिगेड पाठवली होती. जाडोव्हिलच्या सुटकेसाठी झालेल्या दुसऱ्या प्रयत्नात आयरिश जवानांबरोबर भारतीय गुरखा सैनिकही लुफिरा पुलावर लढले. त्या काळात काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या सर्व फौजांचे सेनापती आयर्लंडचे लेफ्टनंट जनरल शॉन मॅकओन होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलमध्ये रस्त्यावरची नाकेबंदी मोडताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले, तेव्हाही तेच सेनापती होते. त्याच महिन्यात गोवा मुक्त झाला. आपल्याकडे डिसेंबर १९६१ म्हटले की गोवाच आठवतो आणि काँगोतील हे बलिदान मागे पडते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.

९. लेबनॉनमध्ये हे सैनिक इतकी वर्षे नेमके काय करतात?

मार्च १९७८ मध्ये इस्रायलने दक्षिण लेबनॉनमध्ये सैन्य घुसवले. त्यानंतर सुरक्षा परिषदेने ४२५ आणि ४२६ क्रमांकांचे ठराव करून तेथे अंतरिम दल उभे केले. ‘युनिफिल’ म्हणतात ते हेच. इस्रायलची माघार तपासणे आणि लेबनॉन सरकारला त्या प्रदेशावर पुन्हा ताबा मिळवून देणे हे त्याचे काम होते. आयरिश पलटण त्याच वर्षी गेली आणि तिबनीन गावाच्या परिसरात तिने मुक्काम टाकला. २००१ मध्ये ती परतली. २००६ च्या युद्धानंतर एक कंपनी फिनलंडच्या सैनिकांबरोबर वर्षभर राहून आली आणि २०११ पासून आयर्लंड पुन्हा तेथे आहे, कधी फिनलंडच्या तर कधी पोलंडच्या तुकडीबरोबर एकाच पलटणीत. आजवर तीस हजारांहून अधिक आयरिश फेऱ्या लेबनॉनला झाल्या आहेत. काही कुटुंबांत बापानंतर मुलाने त्याच टेकडीवर पहारा दिला आहे.

रोजचे काम बाहेरून कंटाळवाणे वाटेल असे आहे. चौकीवर उभे राहून येणारी-जाणारी वाहने नोंदवायची, इस्रायल-लेबनॉन सीमेवरच्या सुमारे १२० किलोमीटरांच्या ‘ब्लू लाइन’ या माघाररेषेलगत गस्त घालायची, कुणी मेंढपाळ चुकून पलीकडे गेला तर दोन्हीकडे निरोप पोचवायचे. गोळागोळी सुरू झाली की ‘ग्राउंडहॉग’ अशी हाक येते आणि सगळे भुयारी निवाऱ्यात उतरतात. हा पुकार किती तास चालेल, ते कुणाच्याच हातात नसते.

बाकीचा वेळ गावाशी नाते जोडण्यात जातो. तिबनीनच्या अनाथाश्रमाला आयरिश तुकड्या अनेक वर्षे मदत करत आल्या आहेत. तळाबाहेरच्या छोट्या दुकानांना हे सैनिक ‘मिंगी शॉप’ म्हणतात. ‘मिंगी’ हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ ‘पुष्कळ’ असा आहे. काँगोत उचललेला हा शब्द पलटणींनी पुढच्या पलटणींना दिला आणि तो लेबनॉनच्या डोंगरात रुजला. त्या दुकानदारांची मुले इंग्रजी बोलतात ती आयरिश हेल काढून. परकी फौज एखाद्या गावात चाळीस-पन्नास वर्षे राहूनही गावकऱ्यांना नकोशी होत नाही, हे सहज घडत नाही. त्यासाठी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्यापासून विश्वास कमवावा लागतो.

१०. लेबनॉनमध्ये आयर्लंडचे किती सैनिक गेले? ते कसे मारले गेले?

तेथे ४८ आयरिश सैनिकांनी प्राण गमावले. कुणी गोळीबारात गेले, कुणी सुरुंगाने, कुणी अपघातात.

यांतील दोन घटनांविषयी अधिक विचारणा होते. एप्रिल १९८० मध्ये साद हद्दाद यांच्या इस्रायलधार्जिण्या सशस्त्र गटाने अत-तिरी हे गाव घेण्याचा प्रयत्न केला. आयरिश जवानांनी गाव सोडले नाही आणि फिजीचे सैनिक त्यांच्या मदतीला धावले. या चकमकीत एक आयरिश, एक फिजीचा जवान आणि हद्दाद गटातील एक तरुण मारला गेला. त्या तरुणाच्या भावाने सूड घ्यायचे ठरवले. काही दिवसांतच, १८ एप्रिलला, चौकीकडे निघालेल्या तीन आयरिश सैनिकांना वाटेत पकडून गोळ्या घालण्यात आल्या. दोघे मेले, तिसरा जखमी होऊन वाचला. सूत्रधार पुढे अमेरिकेत जाऊन राहिला. त्याला तेथून परत पाठवल्यावर २०२० मध्ये, चाळीस वर्षांनी, बैरुतच्या लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले.

दुसरी घटना १४ डिसेंबर २०२२ ची. बैरुत विमानतळाकडे निघालेल्या दोन आयरिश वाहनांपैकी एक वाट चुकून अल-अकबिया गावात शिरले, जमावाने ते अडवले आणि गोळीबारात एक तरुण जवान ठार, दुसरा गंभीर जखमी झाला. जुलै २०२५ मध्ये लष्करी न्यायालयाने मुख्य आरोपीला त्याच्या गैरहजेरीत शिक्षा सुनावली. आरोपी हाती नसताना दिलेल्या शिक्षेने त्या जवानाच्या घरच्यांचे समाधान कसे व्हावे?

११. शांतिसैनिकाला गोळी चालवता येते का?

स्वसंरक्षणासाठी आणि सोपवलेले काम पार पाडण्यात बळाने अडथळा आणला गेल्यास चालवता येते. बळाचा वापर शेवटचा उपाय म्हणून आणि गरजेपुरताच करावा, असा नियम आहे. युनिफिलला लेबनॉनच्या सैन्याशिवाय खासगी घरांची झडती घेता येत नाही. त्यामुळे ‘डोळ्यांसमोर शस्त्रे साठवली जात होती, तरी त्यांनी काही केले नाही’ हा आक्षेप घेताना तसा अधिकार त्यांना दिलाच गेला नव्हता, हे लक्षात घ्यावे. अधिकाराची मर्यादा सुरक्षा परिषद ठरवते आणि तिची किंमत चौकीवरचा जवान मोजतो.

१२. २०२४ मध्ये इस्रायलने चौकी रिकामी करायला सांगितली होती. आयरिश सैनिक का हलले नाहीत?

ऑक्टोबर २०२४ च्या आरंभी इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये घुसले आणि त्याने मारून अल-रास गावाजवळच्या ६-५२ क्रमांकाच्या आयरिश चौकीला अगदी लागून रणगाडे उभे केले. आत सुमारे तीस आयरिश सैनिक होते. सीमेलगतच्या चौक्या सोडून मागे सरकण्याची इस्रायलची मागणी संयुक्त राष्ट्रांनी नाकारली, कारण या दलाची नेमणूक सुरक्षा परिषदेने केली होती आणि ते कुठे उभे राहील हे लढणाऱ्या दोहोंपैकी एकाने ठरवायचे नव्हते. दुसऱ्या बाजूने हेजबोल्लाह या लेबनॉनमधील सशस्त्र संघटनेने त्या रणगाड्यांवर मारा केला असता, तर चौकीवरही गोळे पडले असते. काही दिवसांनी रणगाडे तेथून निघून गेले. ते दिवस त्या तिसांनी भुयारी निवाऱ्यात येऊन-जाऊन काढले आणि चौकीवरचा संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा जागेवरच राहिला.

१३. आयर्लंड नाटोत नाही, तरी कोसोव्होत त्याचे सैनिक कसे?

कोसोव्होतील दल नाटोच्या नेतृत्वाखाली असले, तरी त्याला सुरक्षा परिषदेचा आदेश आहे, त्यामुळे तिहेरी कुलूप उघडते (प्रश्न ४ पाहा). १९९९ मध्ये आयर्लंड नाटोच्या ‘शांततेसाठी भागीदारी’ या कार्यक्रमात सामील झाला. त्यात परस्पर-संरक्षणाचे बंधन नसते. बोस्नियात आणि अफगाणिस्तानातही आयर्लंडची माणसे सुरक्षा परिषदेच्या अशाच आदेशाखाली गेली. अफगाणिस्तानात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. २००८ मध्ये युरोपीय संघाने चाडमध्ये मोठी मोहीम काढली, तिचे सेनापतिपद आयर्लंडचे लेफ्टनंट जनरल पॅट नॅश यांच्याकडे होते.

१४. गोलन टेकड्यांवरून आयर्लंडने माघार का घेतली?

मनुष्यबळ कमी पडले म्हणून. इस्रायल आणि सीरिया यांच्या दरम्यान गोलन टेकड्यांवर आयरिश तुकडी २०१३ ते २०२४ या काळात होती. ऑगस्ट २०१४ मध्ये सीरियातील बंडखोरांनी फिलिपिन्सच्या शांतिसैनिकांना एका चौकीत वेढले, तेव्हा आयरिश चिलखती गाड्यांनी आत जाऊन त्यांना बाहेर काढले. इतके मोलाचे काम करणारी तुकडी एप्रिल २०२४ मध्ये परत आली. तोवर सैन्यातील माणसे मंजूर संख्येपेक्षा बरीच कमी झाली होती आणि दोन मोठ्या तुकड्या एकाच वेळी सांभाळणे अशक्य झाले होते. पगार आणि राहण्याच्या सोयी सुधारल्याशिवाय तरुण मुले सैन्यात टिकणार नाहीत, हे आयर्लंडमध्ये अनेक वर्षे सांगितले जात होते.

१५. याचा खर्च कोण करते? आयर्लंडला यातून पैसा मिळतो का?

निळ्या टोपीच्या मोहिमांसाठी संयुक्त राष्ट्रे प्रत्येक सैनिकामागे दरमहा सुमारे १,४०० डॉलर सरकारला देतात. ही रक्कम सर्व देशांना सारखी असते. श्रीमंत देशाचा प्रत्यक्ष खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो, म्हणून आयर्लंडला यात पदरचेच घालावे लागते. सैनिकाला पगाराशिवाय परदेशी भत्ता मिळतो आणि अनेक कुटुंबांनी त्यातून घराचे हप्ते फेडले आहेत. युरोपीय संघाच्या किंवा नाटोच्या मोहिमांत बहुतेक खर्च ज्याचा त्यानेच करायचा असतो.

१६. लिओ वराडकरांचा याच्याशी काय संबंध?

मालवण तालुक्यातील वराड हे मूळ गाव असलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. २०२० पर्यंतच्या त्या पहिल्या कारकिर्दीत संरक्षण खातेही त्यांच्याचकडे होते. जाडोव्हिलच्या पदकांचा समारंभ (प्रश्न ७) याच काळात झाला. मात्र पदक देण्याचा निर्णय आधीच्या सरकारच्या शेवटच्या दिवसांत झाला होता आणि त्यामागे सैनिकांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी अनेक वर्षे केलेला पाठपुरावा होता, म्हणून त्याचे श्रेय त्यांनाच द्यायला हवे.

१७. इतक्या वर्षांत युनिफिलने साधले काय? युद्ध तर थांबले नाही.

थांबले नाही, हे खरेच आहे. १९८२, २००६ आणि २०२४ मध्ये मोठी युद्धे झाली आणि लितानी नदीच्या दक्षिणेला सरकारी सैन्य व युनिफिल यांच्याखेरीज कुणाकडे शस्त्रे नसावीत ही २००६ च्या १७०१ क्रमांकाच्या ठरावातील अट कधीच पाळली गेली नाही. ज्यांनी या दलाकडून शांतता आणण्याची अपेक्षा केली, त्यांची निराशा झाली. परंतु दोन युद्धांच्या मधल्या वर्षांत शेतकऱ्याला ऑलिव्ह काढता आले, सीमेवरची बाचाबाची निरोपांवर मिटली, आणि जखमी गावकऱ्याला उपचार मिळाले, ही कामे मोजमापाच्या तक्त्यात येत नाहीत. तिबनीनच्या माणसाला विचारले, तर तो बहुधा हीच आधी सांगेल.

१८. युनिफिल बंद होणार आहे, असे ऐकले. मग आयर्लंडचे तेथील काम संपले का?

ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने २७९० क्रमांकाचा ठराव करून या दलाला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची अखेरची मुदतवाढ दिली आणि त्यानंतर वर्षभरात त्याने माघार पूर्ण करावी, असे ठरवले. म्हणजे चौक्या, तळ आणि गस्तीचे रस्ते सोडावे लागतील.

एक काम मात्र शिल्लक आहे. एप्रिल १९८१ मध्ये दोन आयरिश जवान एका निरीक्षण चौकीवर होते. हल्लेखोरांनी एकाला ठार केले आणि दुसऱ्याला पळवून नेले. हा दुसरा जवान अॅरन बेटांवरचा होता. तो कधीच परतला नाही आणि त्याचे शवही मिळाले नाही. परदेशी मोहिमेवर गेलेल्या ज्या दोन आयरिश सैनिकांचे शव अजून मिळालेले नाही, त्यांपैकी तो एक आहे; दुसरा १९६१ मध्ये काँगोत मारला गेला. त्याच्या शोधाची फाइल आयर्लंडने बंद केलेली नाही.